भोपळ्याखालची वही

उपदेश चालू असताना चर्चमध्ये किती माणसं झोपतात, हे मोजायचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं. पण पंचायत समितीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला काम द्यावं लागत नाही. रकाना दिसला की तो भरतो.

सेवानिवृत्तीनंतर मी चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी झालो आणि हजेरीची वही माझ्या ताब्यात आली. तारीख, पुरुष, स्त्रिया, मुलं आणि शेरा असे पाच रकाने. शेऱ्याचा रकाना माझ्या आधीच्या तीन सेक्रेटरींनी कोरा सोडलेला. मी पट्टी घेऊन तो उभा चिरला आणि दोन रकाने केले : उपदेशाची मिनिटं आणि झोपलेले. नावं मी कधीच लिहिली नाहीत. नाव लिहिणं ही चहाडी झाली, आकडा लिहिणं हे प्रशासन. आठ वर्षं हे प्रशासन सुरळीत चाललं होतं, आणि ते माझ्याशिवाय फक्त माझ्या बायकोला, वनमालेला माहीत होतं.

आमचं गाव नांदूरघाटापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे हाक मारणारा आमचा बाळू असेल तर. आमचे पाळक रेव्हरंड शांतवन ओहोळ. वय चोपन्न, पाच गावांच्या मंडळ्या, एक मोटारसायकल. एका सोमवारी ते फाईल घेऊन माझ्या ओट्यावर आले.

"अर्जुनराव, सलाम. एक छोटंसं काम होतं."

छोट्याशा कामाला फाईल लागत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकलो होतो. तरी म्हणालो, "बोला साहेब."

पाळकसाहेबांनी सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री या पदवीला नाव घातलं होतं. सेवेत असलेल्या पाळकांसाठीचा हा वरचा अभ्यास. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस सेमिनरीत जाऊन राहायचं, बाकी वर्षभर गावात राहून, लग्नं लावत, माती देत, आजाऱ्यांना भेटत शिकायचं. शेवटी प्रबंध. विषय त्यांनी निवडला होता : 'ग्रामीण मंडळीतील उपदेशाचे श्रवण'. साध्या मराठीत, आम्ही नीट ऐकतो की नाही. आणि या कामी मदत करायला मंडळीतून एक स्थानिक समिती नेमायची होती, जिचा अध्यक्ष मी.

अध्यक्ष हा शब्द कानावर पडल्यावर माणसाचं डोकं जरा वेळ बंद राहतं. त्या बंद अवस्थेत मी होकार देऊन बसलो.

शेजारचे सुंदरराव गुरुजी कुंपणावरून ऐकतच होते. पाळकसाहेब गेल्याबरोबर त्यांनी चौकशी सुरू केली.

"पगार वाढंल का त्यांचा?"

"नाही."

"मग चांगल्या गावी बदली?"

"नाही."

"मंग कावून शिकायलेत?"

"उपदेश नीट करता यावा म्हणून."

सुंदररावांनी चेहरा असा केला की जणू मी कुणाच्या दुखण्याची बातमी दिली. "चोपन्नाव्या वर्षी! लई अवघड हाय. त्यांला म्हनाव, गाईड घ्या. म्या बी.एड. बाहेरून केलं, निस्तं गाईडावर. कोन्ता विषय व्हता ते आजून म्हाईत न्हाई, पर पास हाय."

पहिली अडचण पत्राची. मंडळीची लेखी संमती लेटरहेडवर पाहिजे होती आणि आमच्याकडे लेटरहेड नव्हतं. मी मजकूर लिहून केजला बद्रीनाथकडे दिला. बद्रीनाथचं छापण्याचं दुकान आहे आणि अख्खा तालुका त्याच्याच पत्रिकांवर बोहल्यावर चढतो. मी म्हणालो, "कागद भारी वापर आणि मजकूर जरा रुबाबात बसव." एवढंच चुकलं. पाळकसाहेबांना लिंबागणेशला माती होती, ते घाईत; मला वीजबिलाची रांग होती, मीही घाईत. बंद पाकीट तसंच टपालात पडलं. आठ दिवसांनी बद्रीनाथने उरलेल्या प्रती आणून दिल्या तेव्हा मी वाचलं :

'आमचे येथे श्री प्रभुकृपेकरून चि. रेव्ह. शांतवन यांचा उच्च अभ्यास करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून अभ्यासास शोभा आणावी.' आणि तळाशी, फुलांच्या महिरपीत : 'आमच्या पाळककाकांच्या अभ्यासाला यायचं हं!'

"हे शेवटचं मी दिलं नव्हतं," मी म्हणालो.

"ते फुकट असतंय, काका," बद्रीनाथ म्हणाला. "समद्यांलाच टाकतो."

सेमिनरी मात्र मोठ्या मनाची निघाली. उत्तर आलं : 'संमती मिळाली. निमंत्रणाची नोंद घेतली आहे.' मी ते पत्र फाईलला लावलं आणि निमंत्रणाचा विषय संपला असं समजलो. फाईलला लावलेला कागद कधी संपत नसतो, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं.

त्यानंतर तीन वर्षं पाळकसाहेब शिकत होते. पाच गावांच्या फेऱ्यांत, झाडाखाली गाडी लावून वाचायचे. त्यांची पुस्तकं डिकीत असल्यामुळे त्यांना पेट्रोलचा वास येई आणि त्यांच्या उपदेशाला पुस्तकांचा. बायबलातल्या गोष्टीतलं हरवलेलं मेंढरू पूर्वी पंधराव्या मिनिटाला सापडायचं. आता आधी मेंढरू या शब्दाचा ग्रीक उगम, मग तीन विद्वानांची मतं, मग चौथ्याने त्या तिघांना दिलेलं उत्तर. मेंढरू सापडेपर्यंत मेंढपाळ सोडून सगळा कळप आडवा. माझ्या वहीप्रमाणे अभ्यासापूर्वीची सरासरी एकोणीस मिनिटं, झोपलेले सहा. अभ्यास सुरू झाल्यावर एकेचाळीस मिनिटं, झोपलेले चौदा.

चौथ्या, शेवटच्या वर्षी प्रश्नावली आली. वीस प्रश्न. त्यातला सातवा : 'उपदेशातील कोणता भाग आपल्या मनाला भिडला नाही? स्पष्ट लिहा.' प्रश्नावल्या वाटल्या आणि तीन आठवडे एकही परत आली नाही. ऐंशी वर्षांच्या जाईबाईंनी मला तोंडावर सांगितलं, "पाळकाला नावं ठिवू? आन मंग म्या मेल्यावर मातीला कोन, तू येनार का?"

लोकांना फॉर्म भरता येत नसेल असा सरळ प्रशासकीय निष्कर्ष मी काढला आणि पंचायत समितीत करायचो तेच केलं : एक फॉर्म स्वतः भरला, वर 'नमुना' असं लाल शाईत लिहिलं आणि चर्चच्या दाराला चिकटवला. पुढच्याच रविवारी सदतीस प्रश्नावल्या भरून आल्या. माझी छाती फुगली. न उघडता गठ्ठा बांधून मी सेमिनरीला रवाना केला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'आपल्या मंडळीत सदतीस सेवानिवृत्त वरिष्ठ सहाय्यक असून ते सर्व पुरुष, सर्व सहासष्ट वर्षांचे आणि सर्वांना मणक्याचा त्रास असल्याचे वाचून आम्हांस आश्चर्य वाटले.'

माझा नमुना सगळ्यांनी शब्दशः उतरवला होता. महिला मंडळाच्या अध्यक्षा पुरुष झाल्या होत्या. जाईबाईंचा फॉर्म नातसुनेने भरला, त्यात त्यांनी पंचायत समितीत चौतीस वर्षं सेवा केली होती. सातव्या प्रश्नाला सदतीस लोकांचं एकच उत्तर होतं : 'सर्वच भाग उत्तम. कळावे.'

पत्राचा शेवट असा : 'खरी उत्तरे मिळाल्याशिवाय प्रबंध स्वीकारता येणार नाही. मुदत यापूर्वी दोनदा वाढविली आहे. आपले निमंत्रण आमच्याकडे आहेच. तरी मार्गदर्शिका डॉ. तेजश्री शेळके हंगामाच्या सणाला उपस्थित राहून स्वतः पाहतील.'

पाळकसाहेब पत्र घेऊन माझ्या ओट्यावर बसले. चहा निवून गेला.

"अर्जुनराव, पदवीचं एवढं नाही हो," ते म्हणाले. "नाव कमी झालं तर कमी झालं. पण चार वर्षं मी एकच विचारतोय, मी बोलतो ते माणसांपर्यंत जातं का? आणि अख्ख्या मंडळीत मला खरं सांगणारं एक माणूस नाही."

वही माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर तळहात ठेवला आणि म्हणालो, "देव मार्ग दाखवील, साहेब."

ते गेल्यावर वनमाला दारातून म्हणाली, "अहो, मार्ग तुमच्या मांडीवर हाय की. द्या ना त्यांला."

"ती कार्यालयीन गोपनीय बाब आहे."

"गोपनीय न्हाई, भेकडपना हाय त्यो."

तिला प्रशासन कळत नाही. चार वर्षं झाडाखाली बसून वाचलेल्या माणसाच्या हातात 'झोपलेले चौदा' ठेवायचं कसं? सांगणाऱ्याचं तोंड पुन्हा बघेल का कुणी? आणि मुख्य म्हणजे, आठ वर्षं मी हे मोजत होतो हे कळल्यावर माझ्याशेजारी बाकावर बसेल कोण?

हंगामाच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी आणून उपदेश करायच्या पुलपीटासमोरच्या टेबलावर ठेवतं. त्या वर्षी बाजरीची कणसं, कापूस, सीताफळांच्या तीन टोपल्या, अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा आणि मधोमध जाईबाईंचा अकरा किलोचा लाल भोपळा होता. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो. बोली बाळू पुकारतो. एरवी त्याचं मोटारी वाइंडिंगचं दुकान आहे, पण त्या एका दिवशी त्याच्या जिभेला कायद्याचं संरक्षण असतं : लिलावात कुणीही कुणाला काहीही बोलावं आणि कुणी राग धरू नये. आणि दुसरा नियम असा की टेबलावर आलेली वस्तू देवाची. ठेवणाऱ्याला परत हवी असेल तर त्यानेही बोलीच लावायची. पूर्वी हा नियम तोंडी होता. एका वर्षी एका गृहस्थाने चढलेला भाव बघून आपलीच पपई उचलून नेली, तेव्हा कमिटीत भांडून तो लेखी करून घेणारा मीच. ठराव क्रमांक चौदा. पुढचं वाचताना हा क्रमांक लक्षात असू द्यावा.

डॉ. तेजश्रीबाई एसटीने आल्या. मी कल्पना केली होती चष्मेवाल्या करड्या बाईंची. चष्मा होता, पण हसऱ्या बाई होत्या, आणि दुर्दैवाने माझ्याच शेजारी, पहिल्या बाकावर बसल्या. पाळकसाहेबांनी पाहुण्यांच्या मानाने उपदेश काढला. सहाव्या मिनिटाला ग्रीक आलं, सतराव्या मिनिटाला मागच्या बाकावरचे तिघे गेले. दर पाच मिनिटांनी कोंबडा ओरडे आणि दोघं-तिघं दचकून जागे होत, त्यामुळे मोजणी फार किचकट झाली. मी गुडघ्यावर वही ठेवून खाडाखोड करत होतो.

"काय टिपून घेताय?" बाई माझ्याकडे कलून कुजबुजल्या.

माझा धीर सुटला. मी भोपळा कलल्याचं निमित्त करून उठलो, दोन्ही हातांनी तो सरळ केला आणि त्याच ओघात वही त्याच्याखाली सरकवली. जागेवर येऊन हात जोडून बसलो. उपदेश सत्तेचाळीस मिनिटं चालला. विक्रमाची नोंद राहिली याचंच मला वाईट वाटत होतं. वही कुठे ठेवली आहे याचा अर्थ माझ्या डोक्यात तोवर शिरला नव्हता.

तो शिरला बाळूने भोपळा उचलला तेव्हा.

"जाईआज्जीचा भोपळा! आज्जीपेक्षा तरणा हाय, बोला!" भोपळा गेला. बाळूने वही उचलली. "आन् ह्यो पुढचा माल. वही एक. अक्षर सेक्रेटरीसायबाचं दिसतंय."

"बाळू, ती चुकून राहिलीय. आण इकडे."

"ठराव नंबर चवदा!" जाईबाई ओरडल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण ठराव सगळे पाठ आहेत.

"काय माल हाय ते गिऱ्हाइकाला कळाया पायजे ना बे," म्हणत बाळूने पान उघडलं आणि बोली पुकारायच्या आवाजात वाचलं, "'उपदेश : एकेचाळीस मिनिटे. झोपलेले : चौदा.' 'उपदेश : चव्वेचाळीस. झोपलेले : सोळा.'"

चर्चमधल्या इतक्या शांततेची आमच्या वहीच्या इतिहासात नोंद नाही. मग हळूहळू प्रत्येक जण मनातल्या मनात आपण त्या सोळांत होतो का, याचा हिशेब करू लागला. बहुतेकांचा हिशेब जमला असावा, कारण सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"शंभर," मी म्हणालो.

"दीडशे," महिला मंडळाच्या बाकावरून आवाज आला. वनमाला.

"अगं, घरचेच पैसे!"

"म्हनूनच बोलतेय."

"दोनशे!" मी ओरडलो.

"पाचशे."

हा आवाज पुलपीटाकडून आला होता. पाळकसाहेब झगा न काढता तिथेच उभे होते. मी हात अर्धा वर नेला. सहाशे म्हटलं असतं तर वही माझी होती, मी ती घरी नेऊन चुलीत घातली असती आणि पाळकसाहेबांची चार वर्षं तिच्यासोबत गेली असती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं राग दिसेल. पण आडरानात वाट चुकलेल्या माणसाला लांबून कुणीतरी येताना दिसावं, तसे ते त्या वहीकडे बघत होते.

अर्धा वर गेलेला हात मी कानापाशी नेऊन कान खाजवला.

"सेक्रेटरीसायेब, खाजवल्याली बोली धरू का?"

"नाही," मी म्हणालो.

"एक वार, दोन वार, तीन वार! पाळकसायेबांला!"

कोंबड्याची बोली चालू झाली तेव्हा पाळकसाहेब आणि तेजश्रीबाई पायरीवर बसून वही वाचत होते. मी सीताफळं मोजत असल्याचं दाखवत होतो. टोपल्या तीनच होत्या, पण मी त्या बऱ्याच वेळा मोजल्या.

"अर्जुनराव, इकडे या."

मी गेलो. चौतीस वर्षांत मेमो मिळाला नव्हता. तो आता मिळणार, अशा तयारीने उभा राहिलो.

"हे पाच रविवार," त्यांनी बोट ठेवलं. "नऊ मिनिटं, झोपलेले शून्य. अकरा मिनिटं, शून्य. आठ, शून्य. हे काय आहे? मला तर हे उपदेश आठवतसुद्धा नाहीत. कुठल्या वचनावर बोललो होतो?"

मी पहिल्या नोंदीची तारीख पाहिली. वचन वहीत नव्हतं, त्याला रकानाच नव्हता. पण आठवलं. "साहेब, त्या रविवारी तुमच्याजवळ कागद नव्हता."

जाईबाई काठी टेकत मागे येऊन उभ्या होत्या. "त्यो रईवार मला ईचारा," त्या म्हणाल्या. "माझा ल्योक हनुमान गेल्ता. दोन दिस तुमी आमच्याच घरी व्हते, आन् तिथूनच हिकडं आल्ते. पायजम्याला चिखल. तुमी हितं हुबं ऱ्हाऊन हनुमानाचं बोलले, आन् शेवटी म्हनले, 'जाईबाईला काय सांगावं ते मला सुचलं न्हाई, म्हनून म्या त्यांच्या घरचं पानी भरलं. देवबी कवा कवा तसंच करीत असंल.' आन् खाली बसले. तेवढाच उपदेश. मला आजून पाठ हाय."

तेजश्रीबाईंनी पिशवीतून कागद काढला आणि जाईबाईंना म्हणाल्या, "आज्जी, परत एकदा सांगा. सावकाश."

मग धरण फुटावं तसं झालं. बाळूने लिलाव अर्ध्यावर सोडला आणि गारपिटीच्या रविवारची अकरा मिनिटं सांगितली. महिला मंडळाच्या अध्यक्षांनी ग्रीकबद्दल आपलं मत दिलं, ते फार स्पष्ट होतं. कुणी म्हणालं, मेंढरू लवकर सापडू द्या. सातव्या प्रश्नाची सदतीस निरनिराळी उत्तरं त्या पायरीवर मिळाली आणि पाळकसाहेब मान खाली घालून लिहून घेत होते. मधूनच हसत होते. चार वर्षांत मी त्यांना इतकं हलकं पाहिलं नव्हतं.

सगळं निभावलं, असं वाटत असतानाच तेजश्रीबाईंनी वही माझ्यापुढे धरली. "एक शंका आहे. आठ वर्षांत बऱ्याच ठिकाणी झोपलेल्यांचा आकडा अर्धवट राहिलाय, आणि पेनाची रेघ तिथून खाली घसरत पानाच्या कडेपर्यंत गेलीय. ही कसली खूण?"

प्रशासनात काही खुणांचं स्पष्टीकरण तोंडी देता येत नाही.

"ते पंधरावे," वनमाला माझ्याकडे बोट करून म्हणाली.

त्या दिवशी कोंबडा शेवटी सुटून पळाला, आणि तोही माझ्याइतका ओशाळला नसेल.

पाळकसाहेबांना पदवी मिळाली. प्रबंधाच्या शेवटी 'परिशिष्ट तीन : सेक्रेटरीची वही' असं आहे. माझं नाव मात्र घातलेलं नाही. नावं लिहायची नाहीत हा माझा नियम त्यांनी माझ्यावरच लावला. माझ्या शेजारी बाकावर अजून माणसं बसतात, फक्त जरा ताठ बसतात. सत्काराला सुंदरराव गुरुजी आले होते. त्यांनी हार घातला, पाळकसाहेबांच्या कानाशी लागून पगाराचं विचारलं, आणि उत्तर ऐकून माझ्याकडे बघून मान हलवली.

सत्काराच्याच त्या रविवारी, देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीत, पाळकसाहेबांनी वही मला समारंभपूर्वक परत दिली आणि उपदेशाला उभे राहिले. ते आदल्या दिवशी नारायणगडाकडच्या वस्तीवर एका आजाऱ्याला भेटून आले होते, त्याच्याबद्दलच बोलू लागले. हातात कागद नव्हता. बाहेर ऊन कोवळं होतं, पंखा संथ फिरत होता आणि कुठल्याही मेंढराची मला काळजी उरलेली नव्हती. त्यानंतरचं मला थेट शेवटच्या आमेनपासून आठवतं.

सोमवारी नोंद करायला वही उघडली तर रकाने भरलेले होते. मिनिटे : बारा. झोपलेले : एक.

अक्षर वनमालेचं होतं. मी आकडा पडताळून पाहिला आणि खाली लाल शाईने सही केली.